मॅकबेथच्या घरातले शेवटचे भांडण

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. तुमच्या हौशी संस्थेने 'मॅकबेथ'चा मराठी प्रयोग बसवायला घेतला आहे आणि लेडी मॅकबेथची भूमिका तुमच्या वाट्याला आली आहे. ही बाई नवऱ्याला नासवते, असे दिग्दर्शकांचे म्हणणे आहे, आणि म्हणून पहिल्या अंकातला नवराबायकोचा वाद तुम्ही आवाज चढवून, त्याला फैलावर घेत करावा, असा त्यांचा आग्रह आहे. तुम्हाला ते पटत नाही. त्यातच दुसरी अडचण अशी की, तिसऱ्या अंकापर्यंत इतकी खंबीर असलेली ही बाई पाचव्या अंकात एकदम झोपेत चालताना, हात चोळताना दिसते. मधला दुवाच सापडत नाही, तर हा प्रवास उभा कसा करायचा, असे तुम्ही विचारले आहे.

मी पंचवीसएक वर्षे हे नाटक महाविद्यालयात शिकवले, दोनदा मराठीत बसवले, आणि त्याच्याही आधी विद्यार्थिदशेत त्यात राणीच्या दासीचे चिमुकले काम केले. त्या अनुभवावरून मला वाटते की, तुमच्या दोन अडचणी मुळात एकच आहेत. 'कोणी कोणाला बिघडवले' असा प्रश्न घेऊन या नाटकात शिरले की वादाचा प्रवेश कर्कश होतो, आणि तो कर्कश झाला की पुढचा दुवा हरवतो. हा संसार मुळात बिघडलेला नाही. किंबहुना शेक्सपिअरच्या शोकांतिकांमध्ये इतके एकजीव जोडपे दुसरे दाखवता येणार नाही. खुनात दोघे बरोबरीने सामील होतात, पण खुनाबद्दल मनात जे काही सलते ते मात्र दोघेही एकमेकांपासून लपवतात. गुन्हा वाटून घेतला, टोचणी ज्याची त्याने आपापल्या खोलीत नेली. तुम्ही शोधता आहात तो दुवा तिथेच आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हेही सांगून टाकते. तुमची संहिता कोणती, हे तुम्ही लिहिलेले नाही. एकोणिसाव्या शतकातल्या शि. म. परांजपे यांच्या 'मानाजीराव'पासून वि. वा. शिरवाडकरांच्या १९५४ सालच्या 'राजमुकुट'पर्यंत या नाटकाने मराठीत अनेक रूपे घेतली आहेत. संहिता रूपांतरित असेल, तर नवराबायकोच्या बोलण्याला ज्या त्या काळातल्या मराठी घराचा रंग चढणारच. मी इथे बोलते आहे ते मूळ नाटकाबद्दल, म्हणजे १६०६च्या सुमारास लिहिलेल्या आणि १६२३च्या पहिल्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित ग्रंथात, छापलेल्या संहितेबद्दल. शेक्सपिअरच्या शोकांतिकांत हे सर्वांत लहान नाटक आहे. तरीही हौशी संस्था त्याला कात्री लावतात, आणि ती कात्री नेमकी कुठे लागते यावर तुमची भूमिका तरते किंवा बुडते. त्याबद्दल पुढे लिहिते.

पहिली गोष्ट, खुनाचा विचार तिच्या डोक्यात उगवलेला नाही. चेटकिणी मॅकबेथला 'तू राजा होशील' एवढेच सांगतात. राजाला मार, असे त्यांच्यापैकी एकही म्हणत नाही. तरी त्याच प्रवेशात, तिची भेट व्हायच्या आधी, मॅकबेथच्या डोळ्यांसमोर एक भयंकर चित्र उभे राहते आणि त्याच्या अंगावर काटा येतो. राजा डंकन आपल्या मुलाला, माल्कमला, वारस म्हणून जाहीर करतो तेव्हा हाच मॅकबेथ ताऱ्यांना म्हणतो की, तुमचे दिवे विझवा, माझ्या काळ्या इच्छा उजेडाला दिसू नयेत. हे सारे पाहून झाल्यावर त्याने बायकोला लिहिलेले पत्र आपण ऐकतो. पत्रात तो तिला 'मोठेपणातली माझी सर्वांत लाडकी भागीदार' म्हणतो. विद्यार्थ्यांना मी नेहमी विचारत असे की, या पत्रात काय नाही ते सांगा. बहुतेक जण गोंधळतात. पत्रात बँको, म्हणजे चेटकिणी भेटल्या तेव्हा मॅकबेथबरोबर असलेला सरदार, नाही. बँकोच्या वंशातले राजे होतील, हे निम्मे भविष्य मॅकबेथने बायकोला कळवलेलेच नाही. विसरला, की तिच्या आनंदावर विरजण नको म्हणून गाळले, की मुद्दाम दडवले, हे शेक्सपिअर सांगत नाही. पण ज्या पत्रात इतका जिव्हाळा आहे त्याच पत्रात पहिली लपवाछपवीही आहे, एवढे तुम्ही ध्यानात ठेवा. पत्र हातात घेऊन तुम्ही रंगमंचावर याल तेव्हा तुमच्या पात्राला ते ठाऊक नसेल, पण तुम्हाला असले पाहिजे.

तुमच्या दिग्दर्शकांना मी दोष देत नाही. मराठी प्रेक्षकाला अशा वेळी आनंदीबाई आठवतेच. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि 'ध'चा 'मा' करणाऱ्या बाईवर सगळे पाप ढकलून आपण मोकळे झालो. त्या कथेला कागदोपत्री आधार किती, हा वेगळा वाद; पण त्या एका अक्षरामागे राघोबादादांची स्वतःची सत्तेची ओढ झाकली गेली, हे मात्र खरे. शेक्सपिअरपुढेही अशीच एक तयार बाई होती. त्याने वापरलेल्या होलिनशेडच्या बखरीत डॉनवाल्ड नावाचा सरदार मनात नसताना, निव्वळ बायकोच्या चिथावणीने, पाहुणा आलेल्या डफ राजाला नोकरांकडून मारवतो. ती कथा शेक्सपिअरने मॅकबेथच्या कथेत मिसळली खरी, पण मिसळताना खंजीर नोकरांच्या हातातून काढून नवऱ्याच्या हातात दिला, आणि विचारही आधी त्याच्याच डोक्यात घातला. (इतिहासातला डंकन तर १०४० साली लढाईत पडला; झोपेत नव्हे.) बखरीतली बाई त्याला तशीच हवी असती, तर ती त्याच्या हाताशी होतीच.

मग तिचा वाटा काय? माझ्या मते तिचा वाटा भाषेचा आहे. मॅकबेथ घरी येतो आणि सांगतो की डंकन आज रात्री आपल्याकडे येतो आहे. ती विचारते, 'आणि जाणार कधी?' तो म्हणतो, 'उद्या, असा त्याचा बेत आहे.' मग ती म्हणते की, जो येतो आहे त्याची सोय करायला हवी. हे वाक्य मराठीत आणताना माझी अजिबात अडचण झाली नाही, कारण 'सोय करणे', 'व्यवस्था लावणे' हे आपलेही दुधारी शब्द आहेत. पाहुण्याच्या अंथरुणपांघरुणाची सोय आणि पाहुण्याचा काटा काढण्याची सोय, दोन्ही एकाच वाक्यात. पुढेही, खून होईपर्यंत, हे दोघे 'खून' हा शब्द एकमेकांशी बोलताना टाळतात. 'ते', 'ते काम', 'आजचे मोठे काम' अशा सर्वनामांवर आणि मोघम शब्दांवर त्यांचे भागते. मॅकबेथ नोकराला सांगतो, 'बाईसाहेबांना म्हणावे, माझे पेय तयार झाले की घंटा वाजवा.' झोपण्यापूर्वीच्या पेयाची ही रोजची घंटा, आणि तीच डंकनला मारायला निघण्याची खूण. डंकनच्या पहारेकऱ्यांना गुंगी येते तीही रात्रीच्या गरम दुधातून. नैतिक ऱ्हास म्हणजे काहीतरी काळेकुट्ट, गडगडाटी असते अशी आपली समजूत असते. या घरात तो यजमानपणाच्या शब्दांतून आणि स्वयंपाकघरातल्या भांड्यांतून येतो. म्हणून त्या वाक्यांवर जोर देऊ नका. वाढपाची तयारी सांगणाऱ्या गृहिणीसारखी ती सहज म्हणा.

आता तुमच्या वादाचा प्रवेश. दिग्दर्शकांशी चर्चा करताना तत्त्वज्ञान सांगण्याआधी त्यांना त्या प्रवेशाची सुरुवातीची रंगसूचना दाखवा. मशाली येतात, वाढपी आणि नोकर ताटे, भांडी घेऊन रंगमंचावरून जातात. म्हणजे पलीकडच्या दालनात राजा जेवतो आहे, आणि यजमान पंगतीतून उठून बाहेर आला आहे. ती त्याला शोधत येते ते आधी यजमानीण म्हणून: त्यांचे जेवण उरकत आले आहे, तुम्ही उठून का आलात? अशा ठिकाणी राजाच्या खुनाबद्दल कोणी ओरडून बोलणार नाही. एक शब्द मोठ्याने गेला तर दोघांचीही मुंडकी जातील. सगळा वाद दाबलेल्या आवाजात, नोकर येण्याजाण्याच्या धास्तीत झाला पाहिजे. माझ्या पहिल्या प्रयोगात मीही तो मोठ्याने करवला होता आणि प्रेक्षकांत हशा पिकला होता, कारण त्यांना तो बायकोच्या ताटाखालच्या मांजराचा प्रवेश वाटला. गंमत म्हणजे मूळ संवादात मांजर आहेच, पण निराळे: मासा तर हवा पण पाय भिजायला नकोत, असे म्हणीतले मांजर. ती त्याला भित्रा एवढेच म्हणत नाही; तुझी इच्छा आणि तुझी कृती यांत फट आहे, असे ती दाखवते. त्याची ती इच्छा नसतीच, तर या म्हणीने त्याला काही लागलेच नसते.

पण या वादातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्यात न बोललेले वाक्य. ती येण्यापूर्वी मॅकबेथ एकटाच बोलतो, आणि तिथे त्याची कारणे स्वच्छ आहेत: डंकन आपला नातलग आहे, आपण त्याची प्रजा आहोत, आज तर यजमानही आहोत, ज्याने दार राखायचे त्यानेच सुरी उचलायची का, शिवाय राजा इतका सौम्य आहे की त्याचे गुणच आपल्याविरुद्ध टाहो फोडतील. ती येते आणि तो तिला काय सांगतो? राजाने नुकताच माझा मान केला आहे, लोक माझ्याबद्दल चांगले बोलताहेत, ही नवी झळाळी इतक्यात कशाला टाकायची. नातलग नाही, पाहुणा नाही, पाप नाही. सदसद्विवेकाची कारणे त्याने आतच ठेवली आणि बाहेर काढले ते नव्या अंगरख्याचे कारण. ती साहजिकच त्या अंगरख्यालाच उत्तर देते: मग ज्या आशेचे कपडे घालून तू मिरवत होतास, ती काय प्यालेली होती? त्याने खरे कारण सांगितले असते तर तिने काय केले असते, हे नाटकात नाही. पण या घराचा एक अलिखित नियम इथे कळतो. इथे हिंमतीबद्दल बोलता येते, बेताबद्दल बोलता येते, एकमेकांच्या प्रेमाबद्दलही बोलता येते. पापभीरूपणाबद्दल बोलता येत नाही. त्याला वाटते तिच्या नजरेत आपण उतरू. पुढे तिलाही नेमके तसेच वाटणार आहे.

तिच्या युक्तिवादातली विषारी गाठ प्रेमाची आहे. ती म्हणते, आजपासून तुझ्या प्रेमाचीही मी हीच किंमत धरीन. म्हणजे खून हा नवरेपणाचा पुरावा झाला. मग ते प्रसिद्ध वाक्य येते, दूध पिणाऱ्या बाळाबद्दलचे: शपथ घातली असती तर हसऱ्या तान्ह्याच्या तोंडातून स्तन ओढून मी त्याचे डोके आपटले असते. अनेक अभिनेत्री हे वाक्य राक्षसिणीसारखे म्हणतात. मला ते नेहमी सर्वांत महाग नाणे खर्च करणाऱ्या बाईचे वाक्य वाटते. त्या बाळाचे पुढे काय झाले, ते होते की नव्हते, याचा नाटकात पत्ता नाही. इतिहासातल्या मॅकबेथच्या राणीला, ग्रुओखला, पहिल्या नवऱ्यापासून एक मुलगा होता, पण तो धागा शेक्सपिअरने उचललेला नाही. त्यामुळे याबाबत तुम्ही आणि तुमचा मॅकबेथ यांनी मिळून काहीएक ठरवून ठेवा आणि ते कोणाला सांगू नका. ती त्या बाळाचे नाव काढते तेव्हा त्याने तिच्याकडे पाहायचे की नजर चुकवायची, एवढ्यावर सगळा प्रवेश बदलतो.

त्यानंतर तो विचारतो, 'आणि फसलो तर?' ती दोनच शब्दांत उत्तर देते. फोलिओत त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह आहे, पण त्या काळच्या छपाईत तेच चिन्ह उद्गारासाठीही वापरत, त्यामुळे 'आपण? फसणार?' असा तिरस्कार करावा, की 'फसलो तर फसलो' असा शांत निकाल द्यावा, हे अभिनेत्रीने ठरवायचे. अठराव्या शतकात लंडनची रंगभूमी या भूमिकेने गाजवणाऱ्या सारा सिडन्स यांनी वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे उच्चार करून पाहिले होते, असे सांगतात. मी माझ्या अभिनेत्रीला दुसरा दिला. त्या शांतपणामुळेच मॅकबेथला धीर येतो, असे मला वाटते. आणि पाहा, तो वळतो तो मर्दानगीच्या टोमण्याने नव्हे. तिने पहारेकऱ्यांचा बेत सांगितल्यावर, तो अमलात येण्याजोगा दिसल्यावर वळतो. मग तिला म्हणतो, तू फक्त मुलगेच जन्माला घाल. या भांडणाचा शेवट कौतुकात होतो. दोघे एकमेकांना पुरते ओळखून, एकमेकांवर खूश होऊन पंगतीत परत जातात. यानंतर नाटकात त्यांचे असे बरोबरीचे, मोकळे भांडण होत नाही.

मराठी संहितेत इथे एक पेच येतो, तो सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नका. ती त्याला 'तू' म्हणणार की 'तुम्ही'? इंग्रजीत त्या काळी दोन्ही रूपे होती आणि शेक्सपिअर ती खेळवतो: बहुतेकदा ती आदरार्थी रूप वापरते, पण प्रेमाची किंमत काढते त्या ओळींत एकदम एकेरीवर येते. मराठीत सरसकट 'अहो' ठेवले तर ती पतिव्रता वाटते, सरसकट 'तू' ठेवले तर आजकालची मैत्रीण. मी दुसऱ्या प्रयोगात 'तुम्ही' ठेवून त्या तीनचार ओळींतच 'तू' आणले. तालमीत पहिल्यांदा ते झाले तेव्हा मॅकबेथ करणारा नट नकळत एक पाऊल मागे सरकला. ते पाऊल आम्ही ठेवले.

खुनानंतरचा प्रवेश तुम्हाला जमेल, तो लिहितानाच नाटककाराने नटांची अर्धी तालीम करून ठेवली आहे: तुटक, एकेका शब्दाची वाक्ये, दोघांनाही आवाज ऐकू येतात. एवढेच टिपून ठेवा की, तिला खून करता आला नाही, कारण झोपलेला डंकन तिला आपल्या वडिलांसारखा दिसला, आणि हे ती नवरा समोर नसताना म्हणते. पुन्हा तोच नियम. नवरा समोर आल्यावर ती म्हणते, जरासे पाणी लावले की झाले.

तडा जातो तो त्याच्या पुढच्या प्रवेशात. सकाळी खून उघडकीला येतो आणि मॅकबेथ रागाचे सोंग करून दोन्ही पहारेकऱ्यांना ठार मारतो. हे ठरलेल्या बेतात नव्हते. बेत त्यांच्यावर आळ घेण्याचा होता. तो सर्वांसमोर त्याचे वर्णन करू लागतो आणि त्याच क्षणी ती 'मला इथून न्या' म्हणत कोसळते. ही मूर्च्छा खरी की नवऱ्याला सावरण्यासाठी केलेली, यावर पिढ्यानपिढ्या वाद चालला आहे. दोन्ही बाजूंनी खेळता येते. पण तुम्ही काहीही निवडले तरी कारण तेच ठेवा: आयुष्यात पहिल्यांदा त्याने तिला न विचारता कोणाला तरी मारले आहे.

तिसऱ्या अंकात बँकोला मारायचे ठरते तेव्हा तिला खबरही नाही. मॅकबेथ मारेकऱ्यांना बोलावतो आणि त्यांना काय म्हणतो, हे तिच्या ओळींशेजारी ठेवून वाचा. माणसांच्या यादीत तुमचेही नाव आहे म्हणता. पण कुत्र्यांच्या यादीत सगळीच कुत्री, त्यांत तुम्ही कोणती? हा तिचाच टोमणा आहे, 'पुरुष असशील तर', फक्त आता तो परक्या माणसांवर चालवला आहे. नवराबायकोच्या शेजघरातली भाषा बाजारात आली. तिला हे कळले असते तर, असा विचार माझ्या मनात दर वेळी येतो.

आता त्या प्रवेशाविषयी, जो तुमच्या संहितेतून कापला गेला असल्याची मला दाट शंका आहे, कारण 'मध्ये काहीच नाही' असे तुम्ही लिहिले आहे. तिसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश. जेमतेम पाच मिनिटांचा आहे आणि त्यात काही 'घडत' नाही, म्हणून तो सर्वांत आधी कात्रीत सापडतो. राणी नोकराला सांगते, महाराजांना म्हणावे, सवड असेल तर दोन शब्द बोलायचे आहेत. ज्या बाईने 'बाकी सारे माझ्यावर सोडा' म्हटले होते, तिला आता नवऱ्याला भेटायला वर्दी द्यावी लागते. नोकर जातो आणि ती एकटी चार ओळी बोलते: सगळे खर्चून हाती काही लागले नाही, इच्छा पुरी झाली पण समाधान नाही, मारून असे धास्तावलेले सुख भोगण्यापेक्षा मेलेले बरे. या चार ओळी म्हणजे तुमचा हरवलेला दुवा. मग मॅकबेथ येतो, आणि ती क्षणात चेहरा बदलून म्हणते, असे एकटे एकटे का राहता? ज्याला उपाय नाही त्याचा विचारही करू नये. झाले ते झाले. तिने नुकतेच जे स्वतःशी कबूल केले, त्याच्या नेमके उलट. तोही येतो तो झोप उडालेला, डंकन थडग्यात सुखाने झोपला आहे म्हणून त्याचा हेवा करणारा. दोघांचे दुखणे एकच आहे, शब्दही जवळपास तेच आहेत, आणि हातभर अंतरावर उभे राहून दोघांपैकी एकही दुसऱ्याला 'मलाही' असे म्हणत नाही.

पुढे तो म्हणतो, आज रात्री काहीतरी भयंकर होणार आहे. ती विचारते, 'काय करायचे आहे?' हा प्रश्न विचारताना थांबा. पहिल्या अंकात सगळे तिला ठाऊक होते. तो लाडात येऊन, चिमणीला म्हणावे तसे म्हणतो, तुला कळायची गरज नाही, झाल्यावर टाळ्या वाजव. त्यानंतर तो रात्रीला हाक मारतो, ये आणि दिवसाचे डोळे बांध. पहिल्या अंकात अंधाराला अशी हाक तिने मारली होती. तिचा शब्दकोश आता त्याच्याकडे गेला आहे आणि तिची जागा प्रेक्षकांत झाली आहे. सूत्र हेच की, पहिल्या अंकात भांडण होते आणि भागीदारी होती. तिसऱ्या अंकात भांडण नाही, गोडवा आहे, आणि भागीदारी संपली आहे.

मेजवानीच्या प्रवेशात बँकोचे भूत मॅकबेथलाच दिसते आणि ती सरदारांपुढे सावरासावर करते. 'पुरुष आहात ना?' हे जुने शस्त्र पुन्हा काढून पाहते, पण ते आता चालत नाही. हा भाग सगळे चांगला करतात. मला तुमचे लक्ष सरदार गेल्यानंतरच्या वीसेक ओळींकडे वेधायचे आहे. रिकामी आसने, उष्टी ताटे, दोघेच. आम्ही तालमीत खऱ्या खुर्च्या पाडून ठेवल्या आणि अभिनेत्रीला बोलता बोलता त्या उचलायला सांगितले. तो विचारतो, रात्र किती झाली. ती म्हणते, पहाटेशी झगडते आहे, कोणती कोण ते कळत नाही. तो सांगतो, मॅकडफ हा सरदार बोलावूनही आला नाही. ती विचारते, 'आपण त्याला बोलावणे धाडले होते का, महाराज?' मूळात इथे ती नवऱ्याला परक्याला लावावे तसे संबोधन लावते. दोष देत नाही, टोचत नाही, 'मी सांगितले होते' म्हणत नाही. तो सांगतो की प्रत्येक सरदाराच्या घरात त्याने आपला माणूस पेरला आहे, आणि रक्तात इतका आत आलो आहे की परतणेही पुढे जाण्याइतकेच जिकिरीचे आहे. तिचे शेवटचे उत्तर एवढेच की, तुम्हाला झोप नाही. त्यानंतर हे दोघे रंगमंचावर पुन्हा एकत्र येत नाहीत. ज्या बाईने मेजवानी सांभाळली ती थकून गेली आहे, एवढे जरी तुम्ही इथे दाखवलेत तरी पाचवा अंक आकाशातून पडल्यासारखा वाटणार नाही.

चौथ्या अंकात तुम्ही नाही. पण मॅकडफची बायको आणि मुले मारली जातात तो प्रवेश विंगेतून जरूर पाहा. मॅकबेथने आता मनात आले की लगेच करायचे, असे ठरवले आहे; पहिल्या अंकात तिने इच्छा आणि कृती यांत फट नको म्हटले होते, ती फट आता बुजली, आणि तीत पहिली सापडली ती एक आई आणि तिची लेकरे. झोपेत चालताना तुमच्या तोंडी ओळ आहे: फाइफच्या सरदाराला (म्हणजे मॅकडफला) बायको होती, ती आता कुठे आहे? हे तिला कोणी सांगितले, कधी कळले, नाटक सांगत नाही. ती ओळ पाठ करताना तो प्रवेश तुमच्या डोळ्यांपुढे असू द्या.

झोपेत चालण्याच्या प्रवेशाबद्दल मी दासीच्या जागेवरून बोलते. ती सांगते की, राणी झोपेतच उठते, कपाटातून कागद काढते, त्यावर लिहिते, वाचते, मोहोर लावते आणि पुन्हा झोपायला जाते. ज्या संसाराची आपली ओळख एका पत्राने झाली, त्यातली ही बाई आता कोणाला पत्र लिहिते? दासी वैद्याला राणीचे शब्द सांगायला नकार देते, साक्षीदार नाही म्हणून. त्या दरबारात झोपेतले बोलणेही मान घालवू शकते. राणी मेणबत्ती घेऊन येते. उजेड सतत जवळ ठेवा, अशी तिची आज्ञाच आहे. १७८५ साली सिडन्सबाईंनी हात धुण्यासाठी ही मेणबत्ती खाली ठेवली, तेव्हा तशी रीत नव्हती आणि थिएटरच्या मालकांनी त्यांना आधी अडवून पाहिले होते. आमच्या महाविद्यालयातल्या प्रयोगात वारा आला आणि मेणबत्ती विझली; राणी करणारी मुलगी विझलेली मेणबत्ती तशीच धरून बोलत राहिली, आणि दोन हातांच्या अंतरावर उभी असलेली मी काय करावे ते न सुचून नुसती पाहत राहिले. दासीचे कामच ते आहे, हे मला फार उशिरा कळले.

त्या बोलण्यात नवे काही नाही. सगळी वाक्ये जुन्या रात्रींची आहेत: घंटेचे ठोके, 'शिपाई असून भिता?', हात धुवा, झोपायचा अंगरखा चढवा, दारावर थाप. मधूनच, त्या म्हाताऱ्यात इतके रक्त असेल असे कोणाला वाटले होते? पूर्वी जे तिने नवऱ्यापासून लपवले, ते आता ती नवऱ्यालाच सांगते आहे, फक्त तो तिथे नाही. त्याने खुनाच्या रात्री म्हटले होते की सगळ्या समुद्रानेही हे हात धुतले जाणार नाहीत. ती म्हणाली होती, थोडे पाणी पुरे. आता हात न धुतले जाण्याचे दुखणे तिच्याकडे आले आहे आणि बेफिकिरी त्याच्याकडे. ही अदलाबदल फ्रॉइडनेही १९१६ सालच्या एका लेखात टिपली आहे.

आणि मॅकबेथ? तो वैद्याला विचारतो, 'तुमचा रोगी कसा आहे?' आजारी आहे ती त्याची बायको, पण शब्द 'तुमचा रोगी'. तरीही लगेच पुढे, मनात रुजलेले दुःख उपटून टाकणारे काही औषध नाही का, असे विचारतो, तेव्हा तो तिच्याबद्दल बोलतो आहे की स्वतःबद्दल, हे तुमच्या मॅकबेथला ठरवू द्या. ती गेल्याची बातमी येते तेव्हा तो म्हणतो, ती नंतर कधीतरी मरायला हवी होती. अशा शब्दाला पुढे कधीतरी वेळ मिळाला असता. यात हुंदका शोधणारे नट मी पाहिले आहेत आणि तुसडेपणा शोधणारेही. मला त्यात दोन शब्द बोलायला महाराजांची सवड मागणारी ती बाई ऐकू येते.

तेव्हा दिग्दर्शकांना दोन गोष्टी सुचवून पाहा. पहिल्या अंकातला वाद पलीकडे राजा जेवतो आहे हे धरून, कुजबुजत्या आवाजात एकदा तरी करून बघू, असे म्हणा. नोकराचे काम करणाऱ्या एखाद्या मुलाला खरी ताटे घेऊन मधून दोनदा फिरवा, म्हणजे त्यांनाही फरक दिसेल. आणि तिसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश परत मागून घ्या. वेळ कमी पडत असेल तर चेटकिणींची नृत्ये आणि त्यांची देवी हेकेटी हिचा प्रवेश कमी करा. तो भाग शेक्सपिअरचा नसावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. झोपेच्या प्रवेशात शेवटी 'चला, तुमचा हात द्या' असे म्हणत ती अंधारात हात पुढे करते. तो हात कोणीही धरत नाही. वैद्य आणि दासी जागचे हलत नाहीत ना, तेवढे तालमीत पाहून घ्या. दयाळू नट नेमके तिथे पुढे येतात.